बिस्किटांच्या डब्यातले जर्मन सूर

वुडसाइड, क्वीन्स, न्यूयॉर्क

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

तीन रविवार फोनवर सांगायचं ठरवलं आणि तिन्ही वेळा आईने "जेवलीस का?" विचारल्यावर बोलणं घशातच राहिलं. म्हणून पत्र. आई, तूच वाचून दाखव बाबांना, आणि मध्ये थांबू नको.

मी नोकरी सोडली. ३१ तारखेला शेवटचा दिवस झाला. कुणी काढलं नाही, भांडण नाही, तब्येत ठणठणीत आहे. ॲस्टोरियात एक गाळा भाड्याने घेतलाय, आपल्या दुकानाच्या निम्मासुद्धा नाही. तिथे बाजाच्या पेट्या दुरुस्त करणार आहे.

बाबा, उठून जाऊ नका. आधी पैशाचं ऐका. तुमच्या खात्यात दर महिन्याला जमा होतात ते तेवढेच, त्याच तारखेला होतील. दीड वर्षाचे बाजूला काढून ठेवलेत. दवाखान्याचा विमा मंदारच्या नोकरीतून आहे. ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत मी हूं की चूं केलं नाही. आणि शनिवारचा 'क्लास' म्हणायचे ना, तो एका म्हाताऱ्या पियानोवाल्याकडे होता. दोन वर्षं. खोटं नव्हतं, फक्त अर्धं सांगितलं होतं.

गिऱ्हाइकांची काळजी नको. रिचमंड हिल भागात गुरुद्वारे आहेत, गयाना-त्रिनिदादहून आलेल्या लोकांची देवळं आहेत. त्यांचे पूर्वज कलकत्त्याहून ऊसमळ्यांवर मजुरीला गेले होते. भाषा बरीचशी गेली, पेटी राहिली. हिवाळ्यात इथे खोल्या इतक्या तापवतात की लाकूड सुकून तडकतं, भाता गळतो, पट्ट्या अडकतात. एकाने मला सांगितलं, दुरुस्ती कोण करणार म्हणून नवी पेटीच मागवतो. मला तुमचाच आवाज ऐकू आला, "नवी घेणं सोपंय हो."

गाळ्यापासून बसने थोडं गेलं की स्टाइनवेचा पियानोचा कारखाना लागतो. अजून चालू आहे. तो बघायला गेले आणि तिथेच माझं ठरलं. मेपलच्या पातळ पट्ट्या, अठरापर्यंत थर, डिंक लावून पाच-सहा माणसं एका दमात साच्याभोवती वाकवतात. कुणी ओरडत नाही, सगळे एकमेकांच्या हाताकडे बघतात. एक मोठा पियानो व्हायला वर्षभर जातं. तुम्ही हवे होता, बाबा.

हे लोक मूळचे जर्मनीतल्या झेसनचे. हाइनरिश स्टाइनवेग तिथे पियानो बनवायचा. आधी १८४९ मध्ये मुलगा कार्ल न्यूयॉर्कला आला, पुढच्या वर्षी त्रेपन्न वर्षांचा बाप उरलेलं घरदार घेऊन मागोमाग. थोरला थिओडोर मात्र तिकडचं दुकान सांभाळायला मागे राहिला. इथे आल्यावर बाप-लेकांनी लगेच पाटी लावली नाही. तीन वर्षं दुसऱ्यांच्या कारखान्यांत हात काळे केले, मग १८५३ मध्ये स्वतःचं. म्हणजे मीही काही उडी मारलेली नाही, एवढंच म्हणायचंय.

पुढे हाइनरिशच्याच आणखी एका मुलाने, विल्यमने, ॲस्टोरियात चारशे एकर घेतली आणि कारखान्याभोवती गावच वसवलं. कामगारांची घरं, वाचनालय, बालवाडी, शाळेत जर्मन. फार उदार वगैरे नव्हता. शहरातल्या संपवाल्यांपासून कामगार लांब राहावेत हाही हिशेब होता. नदीखालून बोगदा खणायलाही त्यानेच घेतला, पण तो पुरा व्हायच्या आत १८९६ मध्ये गेला. १९१५ मध्ये त्यातून गाडी सुरू झाली. त्याच गाडीने मी इतकी वर्षं ऑफिसला जात होते आणि मला पत्ता नव्हता. आता स्टाइनवे स्ट्रीटवर जर्मन ऐकू येत नाही. इजिप्तवाल्यांची दुकानं आहेत, हुक्क्याचा धूर आहे. पोरं रस्त्याचं नाव घेतात, तेवढाच तो म्हातारा शिल्लक.

आणि आई, हे तुझ्यासाठी. हाइनरिशची एक मुलगी होती, डोरेटा. गिऱ्हाईक रेंगाळलं की "पियानो घ्या, मी फुकट शिकवते" म्हणून विकायची, असं सांगतात. पाटीवर मात्र 'स्टाइनवे अँड सन्स'. मला हसूच आलं. आपल्या पाटीवरचं 'आणि बंधू' बाबांनी अजून पुसलेलं नाही, ते का, मला ठाऊक आहे. माझ्या गाळ्यावर नाव नाही लावलेलं अजून.

बाबा, दहावीच्या सुट्टीत तुम्ही माझ्या हातातली कानस काढून घेतली होती. पेटीतला सूर, म्हणजे ती पितळी पट्टी, टोकाला घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो, एवढंच शिकवून झालं होतं. "हे माझ्यापाशी संपू दे," म्हणालात आणि आतल्या खोलीत गेलात. मी रागावले नव्हते. तुम्ही माझी फी कशी भरलीत तेही मला माहीत आहे, आईच्या हातात त्या वर्षापासून काचेच्याच बांगड्या आहेत. ते शिक्षण वाया गेलं असं मनात आणू नका. त्याच्याच जिवावर आज हे परवडतंय. भुश्शाच्या ढिगावर झोपलेल्या मला तुम्ही उचलून आत न्यायचात, तो वास इथे लाकूड घासताना येतो, आणि मग हात चालतो.

आता माझं ऐकायचं. रंधा मारताना तोंडाला फडकं बांधायचं, खोकल्याचं नाटक मला चालणार नाही. शुगर दर महिन्याला, रिपोर्टचा फोटो मला. आई, मोतीबिंदूचं दिवाळीनंतर म्हणून ढकलू नको. मावशीला मी फोन केलाय, ती सोबत येणार आहे. गॅसची शेगडी बदला, पैसे पाठवलेत. पुराच्या वेळी वर चढवलेल्या त्या तीन पेट्या उतरवायला शेजारच्या पोरांना बोलवा, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुम्ही इथे यावं असं मी म्हणत नाही. थिओडोरलाही शेवटी दोन भाऊ गेल्यावर यावं लागलं होतं, तसलं कारण आपल्याकडे नको.

डिसेंबरात मंदारची बहीण येणार आहे. कपाटात वरच्या फळीवर बिस्किटांचा डबा आहे, त्यात जुने जर्मन सूर आहेत, खर्जाचे वेगळ्या पुडीत. तेवढे द्या तिच्याजवळ. आणि बाबा, तुमची इच्छा असेल तर ती बारीक कानससुद्धा.

तुमची,
सुमी

ता. क. आई, चकलीची भाजणी पाठवू नको. बरं, थोडी पाठव.