लॅपटॉप मिटून मी गच्चीवर का गेले

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. मेल केली असती तर बाबांनी ती त्याच लॅपटॉपवर उघडली असती, म्हणून कागद घेतला.

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी मी मध्येच लॅपटॉप मिटून गच्चीवर गेले. आई म्हणाली, "हिला काय झालं?" आणि बाबा म्हणाले, "डोकं दुखत असेल." डोकं नव्हतं दुखत.

बाबा, तुम्ही मला कौतुकानं 'रिकॉल' दाखवत होतात, लॅपटॉपच्या विंडोजमधली ती पडद्यावर आधी दिसलेलं शोधून देणारी सोय. इंग्रजीत 'बिल' टाइप केलंत आणि महिन्यापूर्वीची हरवलेली वीजबिलाची पावती समोर हजर. मलाही नवल वाटलं. तुम्ही चहा घ्यायला उठलात आणि मी वरची तारखांची पट्टी उगाच मागे सरकवत गेले. सप्टेंबर गेला, गणपती गेले, आणि श्रावणातली एक रात्र आली. माझा व्हिडिओ कॉल. मी नाकाशी ओढणी धरलेली, कोपऱ्यातल्या चौकोनात तुमचं अर्धं कपाळ. अशी ओळीनं सहा-सात चित्रं. आम्ही दोघं वेगळे राहतोय हे तुम्हाला सांगितलं, ती रात्र. आई, तू अजून आत्यालाही कळू दिलं नाहीस, 'कामात असते' म्हणून वेळ मारून नेतेस. आणि इथे ते तारीखवार लावून ठेवलेलं. आवाज नव्हता, नुसते चेहरे.

मग मी शोधून वाचलं. मायक्रोसॉफ्टनं हे मे २०२४ मध्ये जाहीर केलं. दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र काढून ठेवायचं, म्हणजे आधी पाहिलेलं काहीही पुन्हा शोधता येतं. तेव्हा ते मुळातच चालू असणार होतं. सुरक्षेतली जाणकार मंडळी तुटून पडली. चित्रांतला मजकूर यंत्रात साध्या, कुलूप नसलेल्या डेटाबेसमध्ये पडून राहतो हे त्यांनी दाखवून दिलं. ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानंही कंपनीकडे विचारणा केली. जूनमध्ये कंपनीनं माघार घेतली: आधी विचारायचं, हो म्हटलं तरच चालू. चित्रं कुलूपबंद झाली, बघायची तर चेहरा किंवा बोट दाखवायचं. लोकांना ते मिळायला लागलं थेट एप्रिल २०२५ मध्ये, तेही 'कोपायलट प्लस' म्हणून विकल्या जाणाऱ्या नव्या लॅपटॉपवरच.

म्हणजे विचारलं गेलं होतं. पण कुणाला? दुकानातल्या त्या मुलाला. "काका, जरा इकडे बघा" म्हणत त्यानं तुमचा चेहरा नोंदवला (फोटो बरा यावा म्हणून तुम्ही चष्मा काढला होतात, हे तुम्हीच हसत सांगितलंत) आणि पुढची पानं भराभर 'हो, हो' करत संपवली. त्याला पुढचं गिऱ्हाईक उभं होतं.

तुम्ही म्हणाल, चित्रं आपल्याच यंत्रात राहतात, कुठे बाहेर जात नाहीत. खरं आहे, कंपनीही तेच सांगते. पण बाबा, बँकेतला लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही, हे लहानपणी तुम्हीच मला शाखेत नेऊन दाखवलंत. इथे चेहरा ओळखला नाही की पिन चालतो. चष्मा असला की तुमचा ओळखत नाही, म्हणून तुम्ही रोज पिनच टाकता. तो पिन म्हणजे तुमचं जन्मसाल, आणि तो कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलेला आहे. केबलवाल्यापासून मन्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक.

आई, आता तुझं. तुला वाटेल, माझं काय आहे त्यात? तुझी स्थळं आहेत. दुपारी तीन ते पाच तू व्हॉट्सअ‍ॅप मोठ्या पडद्यावर उघडून बसतेस. मुलींचे फोटो, पत्रिका, पगार, फोन नंबर, 'पहिलं लग्न सहा महिन्यांत मोडलं, कृपया बाहेर बोलू नये' असे निरोप. तुझी स्थळांची वही गोदरेजच्या कपाटात असते आणि किल्ली देवघरात. कुणाच्या मुलीचं काय, हे तू मलासुद्धा कधी सांगितलं नाहीस. मला राग यायचा त्याचा. पासवर्ड आणि कार्डाचे नंबर गाळायची सोय त्यात आहे म्हणे, पण मोडलेलं लग्न त्या चाळणीला कसं कळणार? त्या मुलींच्या आयांनी तुझ्यावर विश्वास टाकला. दुकानातल्या मुलाच्या 'हो'मध्ये त्या नव्हत्या, आणि मीही नव्हते. सिग्नल नावाच्या निरोपांच्या अ‍ॅपनं तर मे २०२५ मध्ये विंडोज ११ वर आपली खिडकीच अशा चित्रांत काळी दिसेल असं करून टाकलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या तुझ्या स्थळांना त्याचा काही उपयोग नाही.

एक कबुली. पाडव्याला रात्री बाबांना पुन्हा कॅमेऱ्यासमोर बसवलं, ते पावती परत बघायची म्हणून नव्हतं. माझी ती चित्रं मी पुसली, विचारलं नाही. बाकी कशाला हात लावला नाही. तुम्हाला न विचारता सगळं बंद केलं असतं तर माझ्यात आणि दुकानातल्या मुलात फरक काय राहिला?

बंद करायचं ठरलं तर बाबा, सेटिंग्ज उघडा, 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त जा, तिथे 'रिकॉल अँड स्नॅपशॉट्स' आहे. स्नॅपशॉट, म्हणजे ही चित्रं, जपायचं बटण बंद करा आणि खाली जुनी चित्रं पुसायची सोय आहे, ती 'सगळी' वर ठेवा. नुसतं बटण बंद केलं तर जुनी तशीच राहतात. पावत्यांसाठी चालूच ठेवावंसं वाटलं तर तेही कळतंय मला. मग निदान आईनं स्थळं फोनवरच बघावीत, आणि पिन बदला. लग्नाचं सालही नको, तेही सगळ्यांना माहीत आहे.

आत्याला मी रविवारी स्वतः फोन करून सांगणार आहे. आई, तोवर तू 'कामात असते'च म्हण. चिवडा संपला, डबा कुणाबरोबर तरी पाठवते.

तुमची,
ताई