अमेरिका सोडताना आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

फोनवर सांगू लागले की आईचा आवाज बदलतो आणि माझे बोलणे तिथेच अडते, म्हणून लिहिते आहे. आम्ही जूनमध्ये अमेरिका सोडून कॅनडात राहायला जात आहोत. तुम्हाला न विचारता हे ठरवले, याची खंत आहे.

बाबा, इतकी वर्षे काढून आताच का, असे तुम्ही विचाराल. नोकरीवर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा असल्याने भारतीयांची रांग काही दशकांची झाली आहे; आमचा क्रमांक लागण्याआधीच आपली सांगलीत जन्मलेली छकुली २१ वर्षांची होईल आणि आमच्या व्हिसावर राहण्याचा तिचा हक्क संपेल. तुमच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी माझ्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली होती, निघाले तर परत कधी येता येईल याची खात्री नव्हती, आणि मी आले नाही. तसे पुन्हा होऊ द्यायचे नाही. जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर, भाषा चांगली आली तर, २१ महिन्यांत कायमचा परवाना मिळतो. पण छकुलीला पुन्हा नव्या भाषेत घालणे जिवावर आले. कॅनडात वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांच्या गुणांवर कायमचे वास्तव्य मंजूरही झाले आहे. पगार थोडा कमी पडेल, घरभाडेही काही स्वस्त नाही, पण ते आम्ही निभावून नेऊ.

आई, तिथे सुपर व्हिसावर, म्हणजे आई-वडिलांसाठीच्या खास व्हिसावर, तुम्हाला एका वेळी ५ वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी लागणारा आरोग्यविमा मी काढेन. तळमजल्यावरचेच घर पाहते आहे, म्हणजे तुझ्या गुडघ्यांना जिना नको. ज्वारीचे पीठ मिळते, देवघराला पूर्वेची भिंत ठेवते. थंडीत येऊ नका. पावसाळ्यात या, म्हणजे कृष्णेचे पाणी चढू लागले की माझा जीव टांगणीला लागणार नाही. लहानपणी बाबा मला खांद्यावर घेऊन आयर्विन पुलावरून तेच पाणी दाखवायचे आणि मी त्यांचे केस घट्ट धरून ठेवायचे.

बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि टाकी पाहायला गच्चीवर चढायचे नाही. दोघांच्या पासपोर्टची मुदत या आठवड्यात बघून कळवा. वरची माझी खोली मात्र भाड्याने देऊ नका.

तुमची,
सोनू