भूमध्य समुद्राकाठचं संगीत 'एकच' कसं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत भूमध्य समुद्राकाठच्या संगीतावर लेख छापलात, त्याबद्दल थँक्यू, पण "सगळ्या किनाऱ्यांचं संगीत एकच" हे वाक्य काही पटलं नाही बुवा. इटलीच्या सार्डिनिया बेटावर चार पुरुष गोल करून गातात, 'कान्तू अ तेनोरे' म्हणतात त्याला, त्यातले दोघं घसा आवळून असा घोगरा खर्ज लावतात की ऐकणाऱ्याला वाटावं खाली कुठलं तरी वाद्य वाजतंय. तिथून समुद्र ओलांडून साधारण 200 किलोमीटरवर ट्युनिशिया, आणि तिथल्या मालूफ नावाच्या जुन्या शास्त्रीय संगीतात सगळे मिळून एकच चाल गातात-वाजवतात, हरकती ज्याच्या त्याच्या, हार्मनीचा, म्हणजे वेगवेगळे सूर एकदम लावण्याचा, पत्ताच नाही. याला एकच कसं म्हणायचं?

नातं आहे, नाही कोण म्हणतंय. पण लेखात वाटतं तसं ते समुद्राच्या हवेतून आलेलं नाही, बरंचसं हाकलून दिलेल्या माणसांबरोबर आलंय. 1492 मध्ये स्पेनने ज्यूंना बाहेर काढलं, त्यांची स्पॅनिश गाणी थेस्सालोनिकी आणि इस्तंबूलला पोचली आणि तिथे मकामच्या (आपल्या रागांसारखी तिकडची पद्धत) सुरांत मुरली. 1609 नंतर तिथल्याच मोरिस्को लोकांना, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, काढलं, त्यातले बरेच उत्तर आफ्रिकेत गेले, आणि मालूफवाले आजही आपलं मूळ अंदालूसचंच, म्हणजे मुस्लिम राजवटीतल्या स्पेनचंच, सांगतात. मग 1922 ला तुर्कस्तानातलं इझमिर शहर जळालं, 1923 च्या कराराने ग्रीस-तुर्कस्तानने धर्म बघून माणसांची अदलाबदल केली, आणि ग्रीसच्या पिरेअस बंदराच्या वस्त्यांमध्ये रेबेतिको हे शहरी गरीबांचं संगीत वाढलं ते बरंचसं या निर्वासितांमुळे. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) 1934 ला तुर्कस्तानने रेडिओवर जुनं तुर्की संगीत बंद केलं आणि 1936 नंतर ग्रीसमध्ये हुकूमशहा मेटाक्सासच्या सरकारने त्याच वळणाच्या गाण्यांवर सेन्सॉर लावला, म्हणजे दोघांनाही हे संगीत परकं आणि मागास वाटत होतं!

आता फरक बघा. अरबी-तुर्की संगीतातल्या ऊद या तंतुवाद्याला पडदे नसतात, त्यामुळे बोट दोन सुरांच्या मधल्या बारीक सुरावर आरामात थांबतं. रेबेतिकोतल्या बुझुकी या तंतुवाद्याला धातूचे पक्के पडदे, तिथे तो मधला सूर वाजवायचा म्हटलं तर जागाच नाही. बुझुकीवादक चालीला अजून हिजाझ, उसाक, रास्त ही मकामांचीच नावं देतात पण सूर सरळ झालेत, आणि 1950 च्या दशकात मानोलिस हियोतिस या ग्रीक बुझुकीवादकाने चौथी तारांची जोडी रुळवल्यावर तर बुझुकी गिटारसारखी कॉर्डवर गेली. नाव तेच, सूर वेगळे. खरं तर लेख यावरच हवा होता ना?

पुढच्या वेळी छापाल तेव्हा निदान कुठल्या गावचं गाणं, कुठलं वाद्य आणि कोण गातंय एवढं तरी द्या, म्हणजे आम्हाला शोधून ऐकता येईल.

आपला,
एक नियमित वाचक