सूचना : घरात कुणाला बोलायला अडचण येत असेल तर

सर्व सभासदांना नमस्कार. घरच्या माणसाच्या बोलण्याविषयी गटात वारंवार विचारणा होते, म्हणून हे सगळ्यांसाठी.

बोलणं अचानक अडखळलं, तोंड एका बाजूला वाकडं झालं किंवा एक हात उचलेना, तर इथे विचारत बसू नका. तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. ताबडतोब रुग्णालय गाठा आणि लक्षणं किती वाजता सुरू झाली ते डॉक्टरांना सांगा. काही उपचार ठरावीक तासांतच देता येतात.

मूल २ वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर श्रवण तपासणी करून घ्या आणि वाचा उपचारतज्ज्ञांना दाखवा. "मुलगे उशिराच बोलतात" म्हणत महिने घालवू नका. येत असलेले शब्द गेले, तर लगेच दाखवा.

झटक्यानंतर वाचा गेलेल्यांबद्दल कळकळीनं सांगते : शब्द सापडत नाहीत म्हणजे बुद्धी गेली असं नव्हे. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी ते तिथे नसल्यासारखं बोलू नका. टीव्ही बंद करा, एका वेळी एकच प्रश्न विचारा, शक्यतो हो-नाही उत्तराचा, आणि थांबा. खरंच थांबा, त्यांचं वाक्य आपण पुरं करू नका. खुणा, चित्रं, लिहिणं, सगळं चालतं.

गटात मदत मागताना वय, त्रास कधीपासून आहे आणि झालेल्या तपासण्या लिहा. रुग्णाचं नाव किंवा रिपोर्टचे फोटो टाकू नका.