लेझर नेमका चालवतो कोण?

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या अंकाच्या घडीतून एक गुलाबी पत्रक पडलं. 'लेझरने मुरूम कायमचे घालवा. लग्नसराईत खास सवलत.' खाली मोबाइल नंबर, गुळगुळीत गालांच्या मुलीचा फोटो. डॉक्टरचं नाव मात्र पत्रक उलटसुलट करून पाहिलं तरी सापडलं नाही.

शोधायला कारण आहे. मागच्या उन्हाळ्यात माझी पुतणी असंच पत्रक घेऊन तालुक्याला गेली. लग्न तीन आठवड्यांवर, गालांवर लाल, ठणकते मुरूम. तिथल्या बाईंनी काही न विचारता त्यावरूनच लेझर फिरवला. खपल्या गळाल्या तशी दोन्ही गालांवर बारीक चौकटींची काळी जाळी उठली, चाळणी दाबून धरल्यासारखी. ऊन टाळायचं असतं हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. पोरगी भर उन्हात गाडीवर बसून पत्रिका वाटत फिरली. "मोठेबाबा, हळद जरा जाडच लावा म्हना," असं हसत म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी जे समजावलं ते पत्रकात कुठेच नसतं. मुरूम ही त्वचेतल्या तेलग्रंथींची, हार्मोनची आणि बुजलेल्या छिद्रांत वाढणाऱ्या जंतूंची भानगड. त्यावर आधी बेन्झॉईल पेरॉक्साइड, अ‍ॅडापलीनसारखी मलमं, लागलंच तर गोळ्या. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, म्हणजे लग्नघरात कोणाला न परवडणारा धीर. पुतणीच्या गालांवर फिरवला तसला कार्बन डायऑक्साइड लेझर मुरूम शांत झाल्यावर उरलेल्या खड्ड्यांसाठी, आणि तोही एका बैठकीत भागत नाही. आपल्या सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे जरा भाजलं की डाग काळा पडतो. थेट तेलग्रंथींवर काम करणारा १७२६ नॅनोमीटर तरंगलांबीचा लेझर निघाला आहे खरा, अमेरिकेत त्याला २०२२ साली परवानगी मिळाली. पण पार्लरच्या मागच्या खोलीत तो असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.

पोरीने त्याआधी वर्षभर मेडिकलमधून आणलेली 'गोरं करणारी' ट्यूब लावली होती, हेही तपासणीतच कळलं. त्यात स्टेरॉइड, म्हणजे फार दिवस लावलं तर कातडी नाजूक करणारं औषध, होतं. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून २०१८ साली केंद्राने नियम कडक केले. आमच्याकडे ती आजही बिस्किटाच्या पुड्यासारखी मिळतात.

सरकारी दवाखान्यात आधी का नेलं नाही, असं वहिनीला विचारलं. तिथे पाटी आहे 'त्वचा व गुप्तरोग विभाग'. "लग्नाच्या पोरीले त्या पाटीखाली कशी बसवू बाप्पा?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पाटी बदलायला फार खर्च येत नसावा.

आपल्याकडे मागणं एवढंच, की डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक नसलेलं असं पत्रक अंकात घालू देऊ नका. हा क्रमांक दवाखान्यात आणि चिठ्ठीवर लावणं डॉक्टरांना तसंही बंधनकारक आहे; पत्रकावर छापायला खऱ्या डॉक्टरला अडचण काय?

पुतणीचे डाग आता बरेच फिकटले आहेत. पण लग्नाचा अल्बम ती कोणाला दाखवत नाही. ते गुलाबी पत्रक मी ठेवून दिलं आहे, हवं असेल तर कार्यालयात आणून देतो.

एक निवृत्त शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ