भोगीच्या दिवशी खाल्लेल्या अर्ध्या भाकरीबद्दल

सोलापूर
दि. 3 मार्च 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: वजन घटवण्याच्या कार्यक्रमाची दिशाभूल करणारी जाहिरात, नाकारलेला परतावा आणि परवानगीशिवाय कापलेले 4,500 रुपये.

महोदय/महोदया,

गेल्या दिवाळीनंतर, नोव्हेंबर 2024 मध्ये, मी तुमचा तीन महिन्यांचा कार्यक्रम 13,500 रुपये भरून घेतला. जाहिरातीत लिहिलं होतं: 'पहिल्याच महिन्यात 8 किलो, आवडतं काहीही न सोडता. वजन न घटल्यास पूर्ण पैसे परत.' त्या जाहिरातीचा फोटो सोबत जोडला आहे. मुदत संपली, आठ किलो काही घटले नाहीत, म्हणून मी पैसे परत मागितले. तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर आलं: '13 जानेवारी रोजी नियमभंग झाल्याने आपण परताव्यास पात्र नाही.'

13 जानेवारीला भोगी होती. त्या दिवशी मी तीळ लावलेली बाजरीची अर्धी भाकरी आणि भोगीची भाजी खाल्ली. 'न खाई भोगी तो सदा रोगी' असं म्हणत माझ्या आईने ती ताटात वाढली होती. मी ती तुमच्या अ‍ॅपमध्ये नोंदवली, कारण जे खाल ते खरं नोंदवा अशी तुमचीच सूचना आहे. न नोंदवणाऱ्याचे पैसे परत आणि खरं सांगणाऱ्याचे बुडाले, असा तुमचा नियम असेल तर तो जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापावा.

तक्रार एवढीच असती तर चार ओळींत संपली असती. पण 'काहीही न सोडता' या तीन शब्दांवर तुम्ही पैसे घेतले आहेत, आणि प्रत्यक्षात काय काय सोडायला लावलंत याचा हिशोब कुणीतरी एकदा तुमच्यासमोर मांडायला हवा. मी शाळेत गणित शिकवते, त्यामुळे तो मांडल्याशिवाय मला राहवणार नाही.

पैसे जमा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या कोचचा संदेश आला. त्यात 'बंद' या मथळ्याखाली भात, भाकरी, पोळी, शेंगदाणे, केळी, द्राक्षं, चिकू, गूळ, तूप आणि 'सर्व सणांचे पदार्थ' अशी यादी होती. सोलापूरच्या माणसाला भाकरी आणि शेंगाचटणी बंद केल्यावर ताटात उरतं काय? आमच्याकडे मंगळवेढ्याची ज्वारी येते. त्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि ती कडक भाकरी करून महिनाभर ठेवता येते. शंभर ग्रॅम ज्वारीत जवळजवळ दहा ग्रॅम प्रथिनं असतात. मी कोचला विचारलं, ज्वारी का बंद? उत्तर आलं, 'कार्ब्स, मॅम.' नंतर आणखी एक प्रश्न विचारला, त्यालाही अक्षरशः तेच उत्तर आलं, शेवटच्या हसऱ्या चेहऱ्यासकट. पलीकडे माणूस आहे की यंत्र, हे आजतागायत कळलेलं नाही.

भाकरीच्या जागी दिवसातून दोन वेळा बाटलीत घोळून प्यायची तुमच्या पावडरची पुडी. तीन महिन्यांच्या 180 पुड्या, म्हणजे एक पुडी 75 रुपयांना. पुडीवर छापलंय: वजन 32 ग्रॅम, प्रथिनं 10 ग्रॅम. तेवढी प्रथिनं पन्नासेक ग्रॅम फुटाण्यांत मिळतात आणि आमच्या भडभुंज्याकडे त्याला दहा रुपयेही पडत नाहीत. आता पाकिटावरची घटकांची यादी पाहा. आपल्याकडे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. तुमच्या यादीत दुसरं नाव माल्टोडेक्स्ट्रिन या पिष्टापासून केलेल्या भुकटीचं आहे. माझी एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, 6.1 आहे, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि ही माहिती नोंदणी करतानाच तुमच्या फॉर्ममध्ये भरलेली होती. रक्तातली साखर वाढू नये म्हणून माझी ज्वारी बंद केलीत आणि तिच्या जागी जे दिलंत ते साखर झपाट्याने वाढवणारं पिष्ट. यावर तुमच्या आहारतज्ज्ञांचं म्हणणं मला लेखी हवं आहे.

आता आठ किलोंकडे वळू. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. आठ किलोंच्या 61,600. तीस दिवसांनी भागा: रोज 2,053 कॅलरींची तूट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या स्त्रीची रोजची गरज 1,660 कॅलरी धरली आहे. माझं वजन तेव्हा 71 होतं, म्हणून उदार होऊन 1,900 धरा. म्हणजे महिनाभर पाण्याशिवाय काहीही पोटात गेलं नसतं, तरी तुम्ही सांगितलेली चरबी जळायला रोज दीडशे कॅलरी कमीच पडल्या असत्या. हे गणित सातवीतली मुलं सोडवतील. तुमच्या जाहिरात विभागातल्या कुणी ते केलं नसेल, हे पटत नाही.

पहिल्या आठवड्यात काटा दोन किलो खाली आला तेव्हा तुमच्या अ‍ॅपवर फटाके फुटले. पिष्टमय पदार्थ एकदम बंद केले की शरीरातला ग्लायकोजनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा संपतो, आणि एका ग्रॅम ग्लायकोजनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी निघून जातं. ते दोन किलो बहुतांशी पाणीच होतं. पुढे 67.4 पर्यंत गेले, तिथे अडकले, आणि मुदत संपताना काटा 68 वर होता. तीन महिन्यांत तीन किलो. रोजचं 'उद्दिष्ट' 800 कॅलरी दाखवणाऱ्या अ‍ॅपने दिलेलं हे फळ. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत, वजन घटवण्याचा आहारही दिवसाला 1,000 कॅलरींच्या खाली नसावा आणि आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित, असं सांगितलेलं आहे. त्या बेताच्या वेगानेही याच तीन महिन्यांत सहा किलो गेले असते, आणि भाकरी ताटात राहिली असती.

जानेवारीच्या अखेरीस केस गळायला लागले. नुसते विंचरतानाच नव्हे, खडू उचलायला वाकले तरी टेबलावर पडायचे. उपासमार झाली की दोन-तीन महिन्यांनी असं होतं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलं. कोचला कळवलं, तर उत्तरात बायोटिनच्या गोळ्यांची लिंक आली, 899 रुपये, 'फक्त तुमच्यासाठी' दहा टक्के सवलत. ही विक्रीची तऱ्हा पाहून मी हसले, हे कबूल करते. त्या दिवसांत हसण्याचे प्रसंग तसे कमीच होते. नववीच्या वर्गावर इतकी ओरडू लागले होते की मुख्याध्यापकांनी बाजूला घेऊन 'बाई, घरी सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं.

सोडणं आमच्या घरात कुणाला नवं नाही. सासूबाई कांदेनवमीला पोटभर कांदाभजी खातात आणि मग चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं बंद. आजेसासूबाई काशीहून आल्या त्या दुधी भोपळा सोडूनच. खरं तर तिथे आवडतं सोडायचं असतं, आणि त्यांना दुधी कधीच आवडला नव्हता, पण घरात कुणी हरकत घेतली नाही. काय सोडायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं, आणि कार्तिकी एकादशी झाली की भरताचं वांगं पुन्हा चुलीवर. तुमच्या कार्यक्रमाला पारणंच नाही. तीन महिने संपायच्या आत 'मेंटेनन्स प्लॅन' सुचवला गेला, त्यातही भाकरी नाही आणि पुडी आहेच.

जे सोडायला हवं होतं ते मी सोडलं आणि ते परत मागत नाही. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे रोजच्या 160 कॅलरी. ती गेली. स्टाफरूममधलं फरसाण गेलं. हे आमच्या डॉक्टरांनी कुठलंही पॅकेज न विकता सांगितलं होतं, आणि जेवणानंतर चालायलाही. पण हुरडा? डिसेंबरमध्ये भावाच्या शेतावर सगळे आगटीभोवती बसलेले, गोवऱ्यांवर भाजलेली कणसं हातावर चोळून प्रत्येकाच्या पुढ्यात येतायत, सोबत शेंगाचटणी, दही आणि गूळ, आणि मी बाटलीत पुडी हलवत बसलेय. वहिनीला वाटलं, माझं तिच्याशी काहीतरी बिनसलंय. पुढे सिद्धेश्वराच्या यात्रेला पाहुणे आले तेव्हा मी स्वयंपाक केला आणि पंगत सुरू झाल्यावर आत जाऊन बसले, कारण ताटावर बसले की प्रश्न येतात. तुमच्या यादीत माणसांबरोबर जेवणं 'बंद' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण ती यादी पाळायची तर दुसरा मार्ग राहत नाही.

सगळ्यात गंभीर बाब आता लिहिते. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. घरात रोज काटा, नोंद आणि लाल-हिरवे आकडे पाहून तिने माझ्या फोनवर तुमच्या 'बीएमआय तपासा' (म्हणजे उंचीच्या मानाने वजन तपासा) या पानावर स्वतःची उंची आणि वजन भरलं. पानाने वय विचारलंच नाही. आकडा 23.4 आला, लाल रंगात, आणि खाली लगेच 'आई-मुलगी कॉम्बो'ची सवलत. भारतीय प्रौढांसाठी 23 ही जादा वजनाची रेषा धरतात, हे बरोबर. वाढत्या वयातल्या मुलांना ती रेषा लागू होत नाही. त्यांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी यांच्या तक्त्यावर पाहायचा असतो. एवढंही तुमच्या पानाला ठाऊक नाही. त्यानंतर मुलीने रात्रीचं जेवण टाळायला सुरुवात केली. 'भूक नाही' म्हणायची आणि खोलीत जायची. आम्ही तिला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, आता ती जेवते, पण अजूनही भाताचा घास घेताना आधी माझ्याकडे पाहते. याचे पैसे मी मागणार नाही, कारण याची किंमत लावता येत नाही. ते पान मात्र बंद व्हायला हवं.

आणि 4,500 रुपये. 18 फेब्रुवारीला माझ्या खात्यातून 'नूतनीकरण' म्हणून ही रक्कम गेली. सुरुवातीला पैसे भरताना जी खूण आपोआप केलेली होती तिच्या आधारे तुम्ही दरमहा वसुलीची परवानगी घेतलीत. रद्द करायचं बटण अ‍ॅपमध्ये सापडत नाही. ग्राहक सेवेला फोन केला की रद्द करण्याऐवजी एक महिना फुकट देऊ करतात. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 रोजी अधिसूचित केलेल्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन रचनांविषयीच्या, मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीच्या अशा सापळ्याचा नावानिशी उल्लेख आहे. तसंच, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांविषयीच्या नियमांनुसार, खास परवानगी नसताना एखादं उत्पादन नेहमीच्या जेवणाचा संपूर्ण पर्याय म्हणून दाखवता येत नाही. तुमच्या पुडीवर ताटाचं चित्र आहे आणि त्यावर फुली मारलेली आहे. तशी परवानगी असेल तर तिची प्रत पाठवावी.

माझ्या मागण्या अशा. 13,500 आणि 4,500 मिळून 18,000 रुपये ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत करावेत आणि दरमहा वसुलीची परवानगी तुमच्या बाजूने रद्द करून तसं लेखी कळवावं. 'काहीही न सोडता' आणि 'महिन्यात 8 किलो' हे दोन्ही दावे जाहिरातीतून काढावेत. बीएमआयच्या पानावर वय विचारावं आणि अठराखालच्या कुणालाही काही विकू नये. सुरुवातीला 'आधी-नंतर'साठी माझे जे फोटो घेतलेत ते पुसून टाकावेत. मी कुठल्याही जाहिरातीत 'आधी' म्हणून दिसू इच्छित नाही, 'नंतर' म्हणून तर नाहीच.

ई-कॉमर्सविषयक 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. ते न झाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करीन आणि सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, त्यामुळे मला त्यात वेळेखेरीज काही घालवावं लागणार नाही.

उरलेल्या पुड्या आणि नूतनीकरणाचा न फोडलेला खोका घरी तसाच आहे. तो तुमच्या खर्चाने न्यावा. माझी शाळा सकाळची असते, म्हणून कुरिअरवाल्याला दुपारी दोननंतर पाठवावं. सकाळी घरी फक्त सासूबाई असतात, आणि त्या पुडीचा भाव ऐकल्यापासून तुमच्या माणसाची वाटच पाहत आहेत.

आपली ग्राहक,
(सही)
माध्यमिक शिक्षिका, सोलापूर

सोबत: जाहिरातीचा फोटो, पैसे भरल्याची पावती, 18 फेब्रुवारीच्या वसुलीचा बँक संदेश, कोचच्या संदेशांच्या प्रती, पुडीच्या लेबलचा फोटो, परतावा नाकारल्याचं उत्तर.