तेरडा यंदा परसातलाच

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

यंदा गौरीसाठी तेरडा आणायला सड्यावर जायचं नाही, दोघांनीही. हे मी ठरवूनच लिहितेय, रागावू नका. भाद्रपदात सड्याच्या जांभ्या कातळावर शेवाळ धरलेलं असतं आणि बाबांचा गुडघा अजून पुरता बरा नाही. रीत मोडत नाहीये मी. गौर तेरड्याचीच, मुळासकटच येईल, फक्त आपल्या परसातून.

बी सोबतच्या पुडीत आहे, रानातल्याच एकेरी गुलाबी फुलाचं. जागा विहिरीच्या वाटेवरची, फणसाकडेची. तिथे सकाळी दहापर्यंत ऊन असतं. गच्च सावलीत रोपं किडकिडीत वाढतात आणि वाऱ्यात आडवी होतात. पागोळ्यांपासून मात्र दोन हात लांब हवं. ती धार कोवळं रोप मातीसकट उखडते.

वीतभर उंच वाफा करायला गड्याला सांगितलंय, पैसेही दिलेत. आई, तू घमेलं उचलायचं नाहीस. कुजलेलं शेणखत एकच घमेलं पुरे, जास्त झालं तर नुसता पाला माजतो.

अर्धं बी मृगाला, 7 जूनच्या सुमारास पेरा, उरलेलं आर्द्रा लागल्यावर, 22 ला. साधारण दोन महिन्यांत फुलं धरतात, म्हणजे गौरी लवकर येवोत की उशिरा, एक पेरा हाताशी राहील. बी खोल पुरू नका, वरून चिमूटभर माती भुरभुरवा. आठ-दहा दिवसांत उगवेल. चार पानं आली की विरळणी करा, दोन रोपांत वीतभर अंतर.

तेरड्याचा देठ म्हणजे निव्वळ पाणी. वाफ्यात पाणी तुंबलं की खोडाचा तळ तपकिरी, पिचपिचीत होतो. असं रोप मातीसकट काढून लांब टाका. गोगलगायी उजाडल्यावर वेचायच्या, रात्री बॅटरी घेऊन नाही! राख पावसात टिकत नाही आणि मिठाने मुळं करपतात.

पुढे बोंडं पिवळट होतील. बाबा, बोट लावताच फट्कन फुटून अळीसारखी वळलेली ती साल तुम्ही माझ्या तळहातावर ठेवायचात, आठवतंय? आता मात्र बोंडाभोवती मूठ मिटूनच तोडा, बी मुठीतच राहील. सावलीत वाळवून कागदात बांधा.

आवाहनाच्या आदल्या रात्री मी निघतेय. रोपं मीच काढीन, माती खालून सैल करून, एकही मूळ न तोडता. गौरीची पावलंच ती. तोवर बाबांनी गुडघ्याला पट्टा बांधून पडवीतल्या खुर्चीतूनच वाफ्यावर लक्ष ठेवायचं.

तुमची,
बाळी